बासष्ट हजारांत गेमिंग संगणक: सुट्या भागांची निवड आणि जुळणीच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

भाच्याची अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्राची परीक्षा काल संपली आणि आज सकाळीच तो वही घेऊन कोथरूडला माझ्याकडे आला. ताईने चाळीस हजार रुपये द्यायचे कबूल केले आहे, कारण अभ्यासासाठी संगणक लागणारच होता. वरचे बावीस हजार त्याने दीड वर्ष शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवले आहेत. म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस धरून मर्यादा ६२,००० रुपयांची आहे. विंडोजचा परवाना त्याला महाविद्यालयामार्फत मिळतो, त्यामुळे तो खर्च यात नाही. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी एक संगणक जुळवला होता, तेवढ्याच अनुभवावर मी मदतीला उभा राहिलो आहे. याच रकमेत पुढे कोणी हे काम हाती घेतले, तर आमच्या चुका तरी त्याला टाळता याव्यात, म्हणून तारीखवार लिहून ठेवतो.

आज एकच गोष्ट पक्की केली. यादीची सुरुवात प्रोसेसरपासून किंवा ग्राफिक्स कार्डापासून न करता पडद्यापासून करायची. १९२० × १०८० च्या पडद्यावर प्रत्येक चौकटीत (फ्रेममध्ये) सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख, आणि हा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. मोठा पडदा घेतला की कार्डही वरच्या दर्जाचे घ्यावे लागते आणि मग ६२,००० चा हिशेब कुठेच बसत नाही. म्हणून २४ इंची, १०८० चा, १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर ठरवला. भाचा व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ नियमित खेळतो, आणि सायबरपंक २०७७ त्याला एकदा नीट, न अडखळता खेळायचा आहे. पहिले दोन खेळ हलके आहेत. त्यामुळे कसोटी तिसऱ्याचीच.

१६ जानेवारी, मंगळवार

भाच्याने केलेली पहिली यादी तपासली. तिच्यात १२ हजारांचा मदरबोर्ड, रंगीत दिव्यांची रॅम, पाण्यावर चालणारा कूलर असे सगळे होते आणि कार्डासाठी १४ हजार उरले होते. त्या पैशांत आरएक्स ६५०० एक्सटी बसत होते. मी ते का नको म्हणतो, हे समजावून सांगायला संध्याकाळ गेली, पण ती वाया गेली असे मला वाटत नाही, कारण सगळे भाग एकमेकांत कसे अडकलेले असतात हे त्यातूनच त्याच्या लक्षात आले.

आरएक्स ६५०० एक्सटीवर स्मृती ४ जीबी आहे आणि ते कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या, केवळ चार मार्गिकांवर चालते. चौथ्या पिढीचा मदरबोर्ड असेल तर ते कसेबसे निभते. पण आमच्या पैशांत बी४५० चिपसेटचा बोर्ड बसतो, त्यावर तिसऱ्या पिढीचाच वेग मिळतो, म्हणजे प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा. आधीच मार्गिका चार, त्यात वेग अर्धा, आणि ४ जीबी स्मृती भरली की कार्डाला त्याच अरुंद वाटेने रॅमकडे धाव घ्यावी लागते. आरएक्स ६६०० वर ८ जीबी स्मृती आणि आठ मार्गिका आहेत, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डावरही त्याचे फारसे अडत नाही. शिवाय त्याला १३२ वॅट एवढीच वीज लागते आणि एकच आठ पिनांची जोडणी पुरते, म्हणून एसएमपीएसही, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबाही, मध्यम चालतो. एका कार्डाच्या निवडीने बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही स्वस्त झाले.

प्रोसेसरसाठी इंटेलचा आय३-१२१००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० हे दोनच उरले. आय३ चार गाभ्यांचा (कोअरचा) आहे आणि स्वस्त पडतो. रायझनला सहा गाभे, बारा थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद स्मृती) आहे. भाच्याला पुढे अभ्यासातली सॉफ्टवेअर चालवायची आहेत, त्यामुळे चार हजारांच्या फरकाने सहा गाभे घ्यायचे ठरवले. ५६००जी मध्ये अंगचे ग्राफिक्स मिळते, पण कॅश निम्मी, १६ एमबी. वेगळे कार्ड घेणारच असल्याने तो सोडला. एएम५ या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो त्या बोर्डावरच्या जागेवर) पुढे नवे प्रोसेसर बसवता येतील हे खरे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग, त्यामुळे कार्डाचे किमान सहा हजार कमी झाले असते.

२१ जानेवारी, रविवार

वापरलेले कार्ड पाहायला दुचाकीवर निगडीला जाऊन आलो. आरएक्स ५८०, ८ जीबी, किंमत ७,५०० रुपये. हे जमले असते तर तेरा हजारांहून अधिक वाचले असते आणि १ टीबीची एसएसडी (साठवणीची डिस्क) घेता आली असती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवरचे खनन बंद झाल्यापासून अशी कार्डे बाजारात पुष्कळ आली आहेत, आणि विकणाऱ्यानेही हे कार्ड खननातलेच आहे हे आपणहून सांगितले. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, म्हणून मीही घाई न करता नीट पाहिले.

कार्ड हातात घेऊन मागच्या बाजूचे स्क्रू पाहिले. चारपैकी तिघांची डोकी झिजलेली होती, म्हणजे कूलर एकापेक्षा अधिक वेळा उघडला गेला होता. कडेने उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडचे तेल झिरपून पट्टीवर पिवळसर डाग धरला होता. पंखा बोटाने फिरवला तर एका जागी किंचित अडखळत होता. एवढ्यावरही किंमत कमी करून घेतले असते. पण त्याच्याच संगणकावर कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड उघडले तेव्हा शेडरच्या (कार्डातल्या गणक घटकांच्या) रकान्यात २०४८ हा आकडा दिसला. खऱ्या आरएक्स ५८० वर तो २३०४ असतो. २०४८ चे कार्ड हे त्याच नावाने विकले जाणारे कमी ताकदीचे रूप आहे. विकणाऱ्यालाही हे ठाऊक नव्हते, त्यालाही ते तसेच विकले गेले होते. चहा घेऊन परत आलो. वापरलेले कार्ड पाहायला जाणाऱ्याने हा एक आकडा पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. आमचा अख्खा रविवार गेला, दुचाकीचे पेट्रोल गेले, पण ७,५०० वाचले.

२५ जानेवारी, गुरुवार

एसएमपीएसचा प्रश्न दहा मिनिटांत मिटला. भाच्याच्या मित्राने घरात पडून असलेला, अंगावर ५०० वॅट लिहिलेला एक जुना एसएमपीएस फुकट देऊ केला होता. हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला, त्यावर कार्यक्षमतेचे कोणतेही प्रमाण नव्हते, आणि कार्डाला लागणारी आठ पिनांची वायरच त्याला नव्हती. वीस हजारांचे कार्ड त्याच्या भरवशावर जोडायचे नाही. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा नवा घ्यायचा.

३ फेब्रुवारी, शनिवार

खरेदी झाली. वनाजहून मेट्रोने महापालिका स्थानकापर्यंत गेलो आणि शनिवारवाड्यावरून चालत बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शिरलो. दुचाकी नेली असती तर लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला असता. चार दुकानांत भाव विचारले. एकाच दुकानातून सगळे घेतले तर शेवटी हजारभर रुपये सुटतात, पण मग त्याच्याकडे जे शिल्लक असेल तेच आपल्या यादीत येते. म्हणून दोन दुकानांत विभागून घेतले.

प्रोसेसर ११,८००, मदरबोर्ड ५,६००, कार्ड २०,९००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,३००, एसएमपीएस ३,९००, कॅबिनेट ३,१००, मॉनिटर ८,६००, कीबोर्ड-माउसची जोडी ९००. रॅम ठरल्याप्रमाणे आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्यायच्या होत्या, ३,७०० ला. दुकानदार म्हणाले, “सोळाची एकच पट्टी घ्या ना, ३,२५० ला देतो, पुढे अजून एक टाकता येईल.” ४५० रुपये वाचत होते, म्हणून घेतली. बोर्डाचेही तसेच झाले. यादीतला बोर्ड ६,१०० चा होता. त्याच कंपनीचा, तोच चिपसेट असलेला एक नग आतल्या कपाटातून काढून त्यांनी ५,६०० ला दिला. एकूण बिल ६१,३५० रुपये झाले, म्हणजे मर्यादेत ६५० उरले, आणि आम्ही दोघेही खुशीत होतो.

एक गोष्ट मात्र नीट केली. प्रत्येक वस्तूचे जीएसटीसह छापील बिल घेतले आणि कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे अनुक्रमांक बिलावर लिहून घेतले. दुकानदाराने बिलाशिवाय काही टक्के कमी करण्याची तयारी दाखवली होती. त्यात १८ टक्के जीएसटीतला वाटा वाचतो असे वाटते खरे, पण तीन वर्षांची वॉरंटी कागदाशिवाय मागायची कशी? येताना रिक्षाने आलो. मॉनिटरचे खोके मांडीवर होते.

४ फेब्रुवारी, रविवार

जुळणी सकाळी दहाला सुरू केली आणि रात्री नऊला, पडद्यावर काहीही न दिसता, थांबवली.

पहिला तास कूलरने खाल्ला. प्रोसेसरसोबत आलेला कूलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट बोर्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीत बसतो. त्यासाठी बोर्डावर आधीच लावलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्या काढल्या की मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते, कारण तिला धरून ठेवणारे स्क्रू तेच असतात. आमची पट्टी पडून पलंगाखाली गेली. ती परत लावताना भाच्याने खालून तळहाताने दाबून धरली आणि मी वरून स्क्रू बसवले. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-दोन वेढे असे आळीपाळीने आवळावे लागतात. एक कोपरा आधी पूर्ण आवळला तर समोरचा स्क्रू भोकापर्यंत पोचतच नाही. हे काम बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधीच करावे.

बाकी सगळे सरळ झाले. बटण दाबले, पंखे फिरले, कार्डाचा दिवा लागला. मॉनिटर मात्र सिग्नल नाही एवढेच सांगत राहिला. मॉनिटरची वायर बोर्डाऐवजी कार्डात आहे ना, प्रोसेसरची आठ पिनांची वायर नीट बसली आहे ना, रॅम दुसऱ्या खाचेत आहे ना, हे सगळे तीन वेळा तपासले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दोन संध्याकाळी यातच गेल्या. काल शेजाऱ्यांच्या संगणकात आमचे कार्ड लावून पाहिले, तिथे ते चालले. रॅमही चालली. आज बोर्ड मोकळा करून खोलीतला दिवा मालवला, तेव्हा कडेला असलेल्या चार बारीक दिव्यांपैकी प्रोसेसरचा दिवा सतत लाल दिसला. दिवसा तो आमच्या नजरेतून सुटला होता.

मग बोर्डाचे खोके पुन्हा पाहिले. वरच्या कोपऱ्यात एक स्टिकर होता: रायझन ३००० साठी तयार. आमचा प्रोसेसर ५००० मालिकेतला. बी४५० बोर्डावर तो चालतो, पण नवे बायोस (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) घातल्यावरच. आणि आतल्या कपाटातून काढलेला हा नग जुन्या बायोसचा होता. ६,१०० च्या खोक्यावर रायझन ५००० चा स्टिकर असलेला मला आता स्पष्ट आठवतो, मी तो पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरविनाच पेन ड्राइव्हवरून बायोस घालण्याचे बटण असते. यावर ते नाही. दुकानात फोन केला तर कंपनीच्या केंद्रात जा, असे उत्तर मिळाले.

७ फेब्रुवारी, बुधवार

आजची नोंद मला सविस्तर लिहायची आहे, कारण सगळ्यात मोठे नुकसान इथे होणार होते.

बायोस बदलण्यासाठी बोर्डावर आधी जुना प्रोसेसर बसवावा लागतो, म्हणून आमचा प्रोसेसर काढणे आले. कूलरचे चारही स्क्रू सोडवले आणि मी कूलर सरळ वर ओढला. तो थोडा चिकटून बसला होता, म्हणून जरा जोर लावला. ‘टक’ असा आवाज झाला आणि कूलरच्या तळाला चिकटून प्रोसेसरही वर आला. सॉकेटची दांडी खाली, बंदच होती. प्रोसेसर तिच्या पकडीतून उपटून निघाला होता. आमच्यासारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खालच्या बाजूने १,३३१ पिना असतात, अगदी बारीक. मोबाइलच्या उजेडात आडवा धरून पाहिले तर बाकी सगळ्या रांगा सरळ दिसत होत्या, पण कडेच्या रांगेत दोन पिना शेजारणीकडे झुकलेल्या होत्या. भाच्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्या वस्तूत त्याच्या शिकवण्यांचे महिने होते.

क्लच पेन्सिलीतले शिसे काढून टाकले आणि तिची पोकळ धातूची नळी पहिल्या पिनेवर वरून अलगद बसवली. नळी पिनेच्या बुडापर्यंत उतरू दिली आणि मग नखभर, अगदी नखभर, मागे रेलवली. काढून पाहिले, पुन्हा बसवली. एका पिनेला पाच-सहा वेळा असे केले. एकाच झटक्यात सरळ करायला गेले तर पीन बुडातून तुटते, आणि मग उपाय उरत नाही. पाऊण तासाने दोन्ही पिना उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी एका रेषेत दिसल्या. प्रोसेसर सॉकेटवर ठेवला तर आपल्याच वजनाने खाली बसला. तो असाच बसायला हवा, दाबावा लागला तर पीन अजून वाकडी आहे.

हे टाळण्याची रीत सोपी होती. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट थंड असली की घट्ट धरते. संगणक चालू असेल तर दहा मिनिटे चालवून, नसेल तर कूलरला हेअर ड्रायरची ऊब देऊन, आधी कूलर उजवी-डावीकडे थोडा पिळायचा आणि तो सैल झाला की मगच उचलायचा. हे मी वाचले होते. घाईत केले नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पेठेतल्याच एका दुरुस्ती करणाऱ्या काकांनी बायोस बदलून दिले. त्यांच्याकडे याच कामासाठी अंगचे ग्राफिक्स असलेला जुना रायझन ठेवलेला आहे. वीस मिनिटांचे काम, ३०० रुपये. आमच्या वाकड्या पिनांची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी प्रोसेसर भिंगाखाली पाहिला आणि ठीक असल्याचे सांगितले. पहिली पेस्ट पुसली गेल्याने २०० रुपयांची नवी नळी घेतली. बोर्डावर वाचवलेले ५०० रुपये इथे बरोबर संपले, वर पाच दिवस गेले.

१० फेब्रुवारी, शनिवार

संगणक सुरू झाला. पडद्यावर बायोस दिसले तेव्हा ताईला हाक मारून दाखवले.

रॅमचा वेग मात्र २४०० दिसत होता. पट्टी ३२०० ची असली तरी बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टीचा पूर्ण वेग लागू करणारी सोय) चालू केल्याशिवाय ती त्या वेगाने चालत नाही. एका कळीचे काम. मॉनिटरही १०० ऐवजी ६० हर्ट्झवर होता, तो विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधून बदलला. या दोन गोष्टी न करता वर्षभर वापरणारे लोक असतील, म्हणून लिहिले.

११ फेब्रुवारी, रविवार

सायबरपंक चालला, काउंटर-स्ट्राइक चालला, आणि सगळ्यांत हलका असलेला व्हॅलोरंट सुरूच होईना. विंडोज ११ वर त्या खेळाची फसवणूक-रोधक प्रणाली टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही चालू असल्याची खात्री करते. टीपीएम बायोसमधून चालू केले. सिक्युअर बूट चालू केले तर संगणक विंडोजमध्येच जाईना. कारण भाच्याने मित्राच्या ज्या पेन ड्राइव्हवरून विंडोज घातले होते, त्यावर या तपासण्या वगळलेल्या होत्या आणि विंडोज डिस्कच्या मांडणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीने बसले होते. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या आज्ञेने डिस्कची मांडणी बदलली, मग बायोसमधील सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केले, आणि मग सिक्युअर बूट. क्रम चुकला तर पुन्हा काळा पडदा. चार तास लागले, खर्च काही नाही. पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साधनाने तयार केला असता तर हे काम निघालेच नसते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर भाचा एकच तक्रार करत होता: “मामा, फ्रेम भरपूर दिसतात, पण गर्दीच्या जागी मध्येच झटका बसतो.” मला आधी कार्डाचा संशय आला. पण झटक्याच्या वेळी कार्डाचा वापर शंभरवरून सत्तर टक्क्यांवर येत होता, म्हणजे कार्ड रिकामे बसून वाट पाहत होते. दोष एका पट्टीच्या रॅमचा होता. एक पट्टी असली की प्रोसेसरला रॅमकडे जायला एकच वाट मिळते, दोन असल्या की दोन.

दुकानदार फोडलेले पाकीट परत घ्यायला तयार नव्हते. शेवटी १५० रुपये कापून बदलून दिले. वर ६०० भरले आणि आठ-आठच्या दोन पट्ट्या आणल्या. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. काउंटर-स्ट्राइकमध्ये एकाच नकाशावर तीन-तीन वेळा मोजले: सरासरी सेकंदाला १६८ चौकटींवरून २०१ झाली. सरासरीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे सर्वांत मंद एक टक्का चौकटींचा वेग ७४ वरून १०३ वर गेला, आणि झटका त्यातूनच जाणवत होता. सायबरपंकमध्ये, उच्च मांडणीवर आणि किरण-रेखांकन (रे ट्रेसिंग, प्रकाशाचा जड हिशेब) बंद ठेवून, सरासरी ६१ वरून ६५ एवढाच फरक पडला, कारण तिथे भार कार्डावर आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

उन्हे तापू लागली तशी नवी अडचण आली. दुपारी तासभर सायबरपंक खेळल्यावर प्रोसेसर ८९ अंशांवर गेला. या प्रोसेसरची मर्यादाच ९० आहे. कॅबिनेट भाच्याने समोरच्या काचेवर भाळून निवडले होते, आणि ती काच पुढून येणारी हवा जवळजवळ पूर्ण अडवते. खात्री करण्यासाठी काच काढून तोच भाग पुन्हा खेळलो: ७९ अंश. म्हणजे पेस्ट ठीक, कूलर ठीक, हवाच नव्हती. १२० मिलिमीटरचे दोन पंखे ८५० रुपयांना आणून पुढे लावले, काच माळ्यावर ठेवली आणि तिच्या जागी खिडकीच्या मच्छरदाणीची जाळी ताणून चिकटवली. आता ७४. जाळीवर धूळ लवकर साचते, ती दर पंधरवड्याला पुसायचे काम भाच्याकडे आहे. यादीतले, जाळीदार पुढा असलेले साधे कॅबिनेट त्याच दुकानात ३,३०० ला होते.

७ मार्च, गुरुवार

सकाळी देखभालीसाठी वीज गेली आणि संगणक तत्क्षणी बंद पडला, यूपीएस असूनही. घरचा ६०० व्हीएचा यूपीएस आजवर फक्त राउटरसाठी होता. अशा घरगुती यूपीएसवर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे साधारण ३६० वॅट; खेळताना मॉनिटरसह आमचा संगणक भिंतीतून अंदाजे २८० वॅट घेतो, म्हणजे तो पुरायला हवा होता. बॅटरी चार वर्षांची निघाली. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची नवी बॅटरी ९५० रुपयांना आणून बसवली. आता खेळ बंद करून संगणक व्यवस्थित थांबवण्यापुरती तीन-चार मिनिटे मिळतात. त्याहून अधिकची अपेक्षा नाही.

१० मार्च, रविवार

हिशेब मांडला. मूळ खरेदी ६१,३५०. त्यावर बायोस ३००, पेस्ट २००, रॅमचा फरक ६००, पंखे ८५०, बॅटरी ९५०. एकूण ६४,२५०, म्हणजे मर्यादेपेक्षा २,२५० अधिक. बॅटरी आज ना उद्या बदलावी लागलीच असती. बाकीचे १,९५० रुपये मात्र बोर्ड, रॅम आणि कॅबिनेट या तीन ठिकाणी आम्ही दुकानात उभ्याउभ्या यादी सोडल्याचे आहेत. यादीला चिकटून राहिलो असतो तर त्या तिन्ही वस्तूंना मिळून १,१५० रुपये जास्त पडले असते. कार्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस यांबाबत मात्र आज पुन्हा खरेदी केली तरी तेच घेईन.

५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते आणि तीन खेळ व महाविद्यालयाची सॉफ्टवेअर मिळून तिच्यातले ३४० भरले आहेत. बोर्डावर एनव्हीएमईची खाच एकच आहे, त्यामुळे पुढची एसएसडी साटाची, म्हणजे केबलने जोडायची, घ्यावी लागेल. भाच्याने सोमवारपासून दोन नव्या शिकवण्या धरल्या आहेत. बोर्डासोबत आलेल्या साटा केबली त्याने बिलांच्या पाकिटातच ठेवल्या आहेत.